रात्र विकलीत, आता ती द्या: कोल्हापूरच्या सहल आयोजकांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर व जिल्ह्यातील सर्व सहल आयोजक,
राजारामपुरी, शाहूपुरी, लक्ष्मीपुरी आणि जिथं कुठं तुमची ऑफिसं असतील तिथं.

सप्रेम नमस्कार.

मी पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. नोकरीची बरीच वर्षं पाणी मोजण्यात गेली, त्यामुळं कुठलीही गोष्ट दिसली की ‘किती?’ असं विचारायची खोड लागली आहे. तुमच्या व्हिएतनामच्या पत्रकात एक ओळ असते: ‘हालाँग बे क्रूझ, २ दिवस १ रात्र, आलिशान जहाजावर मुक्काम.’ ही ओळ मी मोजून आलो आहे. पत्र त्याबद्दलच आहे.

आम्ही ज्या कंपनीबरोबर गेलो तिचं नाव इथं घेणार नाही. एक तर मालक ओळखीचे आहेत, लग्नाकार्यात भेटतात. दुसरं म्हणजे आल्यावर मी आणखी चार कंपन्यांची पत्रकं आणून वाचली, तर मजकूर स्वल्पविरामासकट तोच. मग एकट्याला कशाला बोल लावायचा?

दिवाळीनंतर आम्ही बत्तीस जण गेलो. मी, आमची मंडळी, साडू-मेव्हणी, भिशीतले काही जण, दोन डॉक्टर आणि इचलकरंजीचं एक यंत्रमागवालं मोठं कुटुंब. हनोईहून सकाळी आठला बस निघाली. एक्स्प्रेसवे झाल्यापासून बंदर अडीच तासांवर आलंय. वाटेत पाऊण तास मोत्यांच्या दुकानात गेला (पत्रकात त्याला ‘मोती संवर्धन केंद्रास भेट’ म्हणतात) आणि साडेअकराच्या सुमारास आम्ही तुआन चाऊच्या धक्क्यावर उतरलो. बोट सव्वाबाराची होती. सुटली तीनला दहा कमी असताना. दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला आम्ही परत त्याच धक्क्यावर बॅगा मोजत उभे. म्हणजे वीस तास पंचवीस मिनिटं. अगदी वेळेवर सुटली असती तरी तेवीस तास. दोन दिवस सोडा, तुमच्या ‘२ दिवसां’त एक दिवससुद्धा पुरता भरत नाही.

पण तासांसाठी मी भांडत नाही. वीस तास पुष्कळ झाले, त्यांचं करायचं काय हे ठाऊक असेल तर. माझं गाऱ्हाणं त्यातल्या रात्रीबद्दल आहे. आणि त्याआधी, धक्क्यावर गेलेल्या अडीच तासांबद्दल.

त्या दुपारी खाडीत वारा वाढला होता आणि बंदराच्या अधिकाऱ्यांनी बोटी धरून ठेवल्या होत्या. तिथं बोट सोडायची की नाही हे मालकाच्या हातात नसतं. बंदराची परवानगी लागते, आणि हवा बिघडली की लहानमोठ्या सगळ्या बोटी एका दोरीनं बांधल्यासारख्या उभ्या राहतात. आमच्या बोटीची व्यवस्थापक एक बारीकशी मुलगी होती. ती फोनवर आलेला हुकूम दाखवत, हात जोडत फिरत होती. आमच्या लोकांनी काय करावं? एक गृहस्थ खुर्चीवरून उठले आणि अस्सल कोल्हापुरीत म्हणाले, “पैशे मोजल्यात आम्ही, फुकट न्हाई चाललो!” दुसरे म्हणाले, “वारं कुठाय ओ? हितं झाडाचं पान हलंना!” पान हलत नव्हतं हे खरं. धक्का डोंगराच्या आडोशाला होता. बाहेरचं पाणी कसं आहे ते तिथून दिसणारच नव्हतं.

तुमचा टूर मॅनेजर, पंचविशीतला चांगला पोरगा, तोही मग त्या मुलीवर आवाज चढवायला लागला. मला म्हणाला, “काका, तुम्ही बसा निवांत, ह्यांना सरळ करतो.” मी म्हटलं, बाळा, तिला सरळ करून वारा थांबणार आहे का? त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी फितूर झालोय.

आता सांगा, आपण कोण? राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे पाढ्यांच्या आधी पाठ करणारी माणसं. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं सकाळच्या चहाबरोबर पंचगंगेची पातळी विचारतात. राधानगरीचे सातपैकी किती दरवाजे उघडले, यावर पेठेतल्या कट्ट्यावर अंदाज बांधले जातात. २०१९ ला शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, दिवसच्या दिवस बंद राहिला, तेव्हा ‘टोल भरलाय, सोडा’ म्हणून कुणी पोलिसांशी भांडलं नाही. त्याच पुरात ब्रह्मनाळला माणसं वाचवायला निघालेली बोट उलटली, ती बातमी ऐकताना घराघरात घास हातात राहिला होता. पाण्याला मान देणं आपल्याला कुणी शिकवायला नको. मग परदेशात गेल्यावर एका पोरीनं ‘थांबा’ म्हटलं की आपल्याला अपमान का वाटतो?

मला याचं कारण तुमच्या पत्रकात दिसतं. त्यात खाडी आहे, जहाज आहे, जकुझी आहे, पण पाणी नाही. शेवटच्या पानावर अगदी बारीक अक्षरात ‘हवामानानुसार कार्यक्रमात बदल संभवतो’ एवढं असतं. ते कोण वाचतो? घरातून निघताना माणसाला कुणी समोर बसवून सांगितलेलं नसतं की, बाबा रे, कदाचित बोट सुटणारच नाही. कदाचित रात्री नांगर न टाकता परत आणतील. तसं झालं तर किती पैसे परत मिळतील आणि झोपायला कुठं नेऊ, हेही नाही. हे मीटिंगमध्ये सांगा. तुम्ही निघायच्या आधी हॉटेलात जी मीटिंग घेता, नाष्टा देता, टोप्या वाटता, तिथं सांगा. टोपी एक कमी दिली तरी चालेल.

आणि सांगताना खरं ते सांगा. १९ जुलै २०२५ ला याच हालाँगमध्ये भर दुपारी अचानक वादळ आलं आणि पर्यटकांची बोट उलटली. तीसहून अधिक माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. काही मिनिटांत आभाळ फिरलं. त्याच्या आदल्या वर्षी सप्टेंबरमध्ये यागी नावाचं चक्रीवादळ आलं, तेव्हा बंदरात बांधून ठेवलेल्या बोटीसुद्धा बुडाल्या. हे ऐकून गिऱ्हाईक पळेल असं तुम्हाला वाटतं. मला नाही वाटत. गिऱ्हाईक एवढंच करेल, धक्क्यावर अडीच तास थांबावं लागलं तर गप्प बसून शेंगदाणे खाईल.

तारखांचंही तसंच आहे. आपल्याकडं शाळेच्या सुट्ट्या मेमध्ये, म्हणून तुमच्या मोठ्या सहली मेमध्ये. तिकडं मेपासून उकाडा आणि वळीव सुरू होतो, पुढं सप्टेंबरपर्यंत वादळांचे दिवस. फेब्रुवारी-मार्चला धुकं आणि बुरबुर, समोरचा डोंगर दिसत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर सगळ्यात बरं. आमची दिवाळीनंतरची सहल त्या मानानं शहाणपणाची होती, तरी वाऱ्यानं अडवलंच. मेची सहल विकू नका असं म्हणत नाही. मे आणि नोव्हेंबर एकाच फोटोवर विकू नका.

बोटीवर चढलो. थंड सरबत मिळालं. मग तीच व्यवस्थापक मुलगी पुढं उभी राहिली आणि लाइफ जॅकेट कुठं आहे, कसं बांधायचं, घंटा वाजली तर कुठं जमायचं, ते इंग्रजीतून सांगू लागली. दोन वाक्यं झाली असतील, तुमचा पोरगा मध्येच म्हणाला, “ते नंतर बघू. आधी खोल्यांच्या चाव्या घ्या, उशीर झालाय.” बत्तीस माणसं चाव्यांकडं धावली. ती मुलगी जॅकेट गळ्यात अडकवून तशीच उभी. ‘नंतर’ काही आलं नाही.

मला आत्ताही राग येतो तो याचा. कारण फेब्रुवारी २०११ मध्ये याच खाडीत, ‘ती तोप’ नावाच्या बेटाजवळ, मुक्कामाची एक बोट पहाटे बुडाली. वादळ नव्हतं, लाट नव्हती. बोट नांगर टाकून उभी होती, आत पाणी शिरलं, आणि खोल्यांत झोपलेली बारा माणसं गेली. बारातले बहुतेक परदेशी पर्यटक. दिवसाच्या फेरीत माणूस निदान डेकवर जागा असतो. मुक्कामाच्या बोटीत तो पांघरूण घेऊन, दार लावून, बहुतेक जेवण जड झालेलं असताना झोपलेला असतो. त्यामुळं जॅकेट दाखवायच्या त्या पाच मिनिटांची किंमत मुक्कामालाच जास्त. त्यानंतर तिकडचे नियम कडक झाले, लाकडी बोटी कमी होऊन पोलादी आल्या, हे मान्य. पण जॅकेट कपाटात आहे की पलंगाखाली, हे नियम येऊन सांगत नाही.

आमच्या खोलीत कपाटाच्या वरच्या फळीवर होतं. मी काढलं, बांधून बघितलं, मंडळींना बांधायला लावलं. खिडकीशेजारी काच फोडायची छोटी हातोडी होती, ती दाखवली. ती म्हणाली, “तुम्ही हितं पण ड्युटीवरच?” मी म्हटलं, हो. साडूच्या खोलीचं दार वाजवून त्यांनाही दाखवलं. ते बिचारे धोतरासारखं जॅकेट कमरेला गुंडाळून बसले होते. हे काम तुमच्या माणसाचं आहे. मराठीतून, हातवारे करून, आजीला कळेल असं. इंग्रजीत सांगून झालं म्हणजे सांगून झालं, असं समजू नका.

असो. बोट हलली आणि मी सगळं विसरलो.

हालाँग म्हणजे उतरता ड्रॅगन, ती गोष्ट तुमचा गाइड बसमध्येच सांगतो. ड्रॅगननं शत्रूला अडवायला तोंडातून रत्नं टाकली, त्यांची बेटं झाली. छान आहे. पण मला दिसलं ते वेगळंच. ते बुडीत क्षेत्र आहे हो! राधानगरीच्या किंवा काळम्मावाडीच्या फुगवट्यात पाणी चढल्यावर टेकड्यांचे माथे तेवढे वर राहतात, तसंच. चुनखडीचा प्रचंड डोंगराळ मुलूख होता, पावसानं लाखो वर्षं विरघळून त्याचे सुळके झाले, मग हिमयुग संपून समुद्र चढला आणि खोरी भरून गेली. आपण ज्यांना बेटं म्हणतो ती शिखरं. आपली बोट जाते ती दऱ्यांवरून. एकोणीसशेच्या वर बेटं मोजली आहेत म्हणे, ती सगळी एका बुडालेल्या प्रदेशाची डोकी. आपला पन्हाळ्याचा काळा दगड ज्वालामुखीचा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. तो चुनखडक त्याच्याहून कितीतरी जुना. आणि प्रत्येक सुळका पाण्यालगत आत खाल्लेला, जणू कुणी कमरेला करवत लावली आहे. समुद्र तो खडक तिथंच विरघळवतो. बोटीतून जाताना तो खाचेचा पट्टा एका पातळीत मैलोन्मैल दिसतो. मोजपट्टी लावून आखल्यासारखा. मी रेलिंगला धरून उभा होतो आणि मला नोकरीतली सगळी गेजं, पाण्याची पातळी मोजायच्या त्या पट्ट्या, आठवली.

हे कुणी सांगितलं नाही. सांगायला वेळ नव्हता, कारण आमचे अडीच तास गेले होते आणि कार्यक्रम मात्र पुरा करायचा होता. गुहा, बेट, कयाक, स्वयंपाकाचं प्रात्यक्षिक, माकुळ (स्क्विड) पकडणे, पहाटे ताई ची हा संथ चिनी व्यायाम. पत्रकात लिहिलंय म्हणजे दाखवलंच पाहिजे, नाहीतर लोक पैसे मागतील. ही भीती मी समजू शकतो. पण नोव्हेंबरात तिथं साडेपाचच्या आत सूर्य बुडतो. चारला आम्ही सुंग सोट गुहेत शिरलो. फ्रेंचांनी १९०१ मध्ये शोधलेली ही गुहा, आतला दुसरा दालनभाग खासबाग मैदानाची आठवण करून देईल असा. ती आम्ही पाठीमागच्या माणसाच्या धक्क्यानं पाहिली. लगेच ‘ती तोप’ बेट. त्या बेटाच्या माथ्यावर जायला चारशेच्या वर पायऱ्या आहेत. हे पत्रकात कुठं आहे? आमच्या मंडळींचे गुडघे म्हणजे काय ते त्यांना आणि मला माहीत. शंभराव्या पायरीला तिनं बैठक मारली, मी तिच्याशेजारी. आमचा ग्रुप वर जाऊन फोटो काढून धापा टाकत खाली आला, तोवर अंधार.

पण त्या पायरीवर बसल्या बसल्या मी खालचा पुतळा बघितला आणि मला हसू आलं. हे बेट गेरमान तितोवच्या नावाचं आहे. सोव्हिएत अंतराळवीर, पृथ्वीभोवती फिरलेला जगातला दुसरा माणूस. हो ची मिन्ह यांनी १९६२ मध्ये त्याला इथं आणलं आणि बेटाला त्याचं नाव दिलं. माझ्या पिढीला ही नावं तोंडपाठ. तितोव १९६१ च्या ऑगस्टमध्ये वर गेला, सतरा प्रदक्षिणा घातल्या, एकूण पंचवीस तासांच्या वर. आणि अंतराळात झोपलेला तो पहिला माणूस. म्हणजे तुमच्या ‘२ दिवस १ रात्र’पेक्षा तितोवचा मुक्काम मोठा होता, आणि त्याला मध्ये झोपही मिळाली!

आम्हाला ती मिळाली नाही. आता रात्रीकडं येतो.

जेवण झालं. जेवणाबद्दल फार लिहीत नाही; शिंपले, कोळंबी, भात, भाज्या, सगळं बेताचं गोड आणि सपक, त्यावर उपाय म्हणून बत्तीसपैकी निदान वीस बॅगांतून कांदा-लसूण चटणी निघाली. एकच सांगतो: तिकडं भाजीतसुद्धा माशाचं पाणी घालतात, मसाल्यासारखं. आमच्यातल्या दोन शाकाहारी बायकांनी दोन घास खाल्ल्यावर हे कळलं. आधी कळवणं अवघड नव्हतं.

जेवणानंतर तुमच्या पोरानं डेकवर स्पीकर आणला. कोल्हापूरहून आणलेला, चाकांचा. पत्रकात ‘धमाल गाला नाईट’ होती. साडेनऊला सुरू झाली. आजूबाजूला पंचवीस-तीस बोटी नांगर टाकून उभ्या होत्या, कारण मुक्कामाच्या बोटींना ठरवून दिलेल्या जागीच थांबावं लागतं. प्रत्येकीवर दिवे, प्रत्येकीवर माणसं, आणि सगळ्यांच्या पाण्यावर आमची गाणी. चुनखडीचे कडे चारी बाजूंनी, त्यामुळं एक शब्द तीनदा ऐकू येत होता. शेजारच्या बोटीवर एक म्हातारं जोडपं डेकवर खुर्च्या टाकून बसलं होतं. थोड्या वेळानं ते उठून आत गेले. जाताना त्या बाईनं आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला ते फार लागलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मी काही सोवळा नाही. गणपतीत नाचलोय, आजही ढोल वाजला की पाय हलतो. पण ज्या गोष्टीसाठी माणूस मुंबईहून विमान पकडून, व्हिसा काढून, तिथवर जातो, ती गोष्ट म्हणजे पाण्यावरची शांतता. तीच तुम्ही त्याला विकता आणि वर स्पीकर पाठवता. नाचायला हनोईत अख्खं हॉटेल होतं.

अकराला व्यवस्थापक मुलीनं हात जोडून बंद करायला लावलं. बारापर्यंत मंडळी डेकवर वेफर्स खात बसली. मग एकेक दार लागलं.

दोनच्या सुमारास मला जाग आली. या वयात येते. स्वेटर घालून वर गेलो. वर बोटीवरचा एक पोरगा माकुळाची काठी घेऊन बसला होता. बाजूला पांढरा दिवा पाण्यात सोडलेला, त्याच्या उजेडाला बारीक मासळी गोळा झालेली. आमच्या कार्यक्रमातलं ‘माकुळ पकडणे’ आठला दहा मिनिटांत उरकलं होतं, कुणाला काही लागलं नव्हतं. हा पोरगा मात्र तासन् तास बसत असावा. त्यानं मला काठी दिली. आम्हाला एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं. जनरेटरची घरघर होती, ती असतेच, पण तिच्या पलीकडं पाणी खडकाखाली शिरून ‘चुब्’ असा आवाज करत होतं. थोड्या थोड्या वेळानं. कडे काळे, आभाळ त्याहून थोडं कमी काळं. जवळच्या एका सुळक्यावर चिकटलेल्या कालवांचा पांढरट पट्टा दिव्यात दिसत होता. मी सवयीनं एक खूण धरून ठेवली.

चारला पाणी त्या खुणेच्या बरंच खाली गेलं होतं. आमच्या मालवणच्या पाहुण्यांकडं राहून मला भरती-ओहोटीचं गणित ठाऊक. सहा-सव्वासहा तासांनी पाणी फिरतं, दिवसातून दोनदा भरती. मी हिशोब केला आणि त्या पोराला हातानं विचारलं, सकाळी पाणी पुन्हा वर? त्यानं नाही म्हणून मान हलवली. फोनवर काहीतरी टाइप करून भाषांतर दाखवलं: एक दिवस, एक वर, एक खाली. मी चक्रावलो. नंतर वाचलं, हालाँग ज्याच्या काठी आहे त्या टोंकीनच्या आखातात खरोखरच बहुतेक दिवस चोवीस तासांत एकच भरती आणि एकच ओहोटी असते. अख्खं आयुष्य पाण्यात काढून मला हे माहीत नव्हतं, आणि ते मला रात्री दोन ते चार या वेळेत, स्वतःच्या डोळ्यांनी कळलं. तुमच्या सगळ्या पॅकेजमध्ये पैसे वसूल झाले ते त्या दोन तासांत. ते पत्रकात नव्हते.

माकुळ मिळालं नाही.

साडेसहाला ताई ची. सात जण आले. बाकीचे झोपलेले. मी खुर्चीत बसून डेकवर वाऱ्यानं उडालेली वेफर्सची पाकिटं बघत होतो. दोन पाण्यात पडली होती. तोच रात्रीचा पोरगा जाळीच्या काठीनं ती काढत होता. त्या खाडीतल्या बोटींवर २०१९ पासून एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकला बंदी आहे. आमचं सगळं प्लास्टिक कोल्हापूरहून तुमच्या ‘स्नॅक्स किट’मधून आलेलं. रंकाळ्याबद्दल आपण एवढं बोलतो, म्हणून हे लिहिलं.

आठला बांबूच्या होडीतून ‘तरंगतं मच्छीमार गाव’ बघायला नेलं. इथं मला जरा थांबायचं आहे. आमचा गाइड म्हणाला, हे लोक पिढ्यान् पिढ्या पाण्यावरच राहतात. मी गाव बघत होतो. घरं होती, पण भांडी नव्हती, दोरीवर कपडे नव्हते, मूल नव्हतं, कुत्रं नव्हतं. होडी वल्हवणारी बाई साधारण पन्नाशीची. गाइडला खोदून विचारलं तेव्हा तो म्हणाला, लोक आता किनाऱ्यावर राहतात, सकाळी कामाला येतात. २०१४ च्या सुमारास सरकारनं या तरंगत्या गावांतल्या कुटुंबांना जमिनीवर घरं देऊन हलवलं. मुलांच्या शाळेसाठी, वादळापासून बचावासाठी, खाडीच्या स्वच्छतेसाठी. कारणं सगळी पटण्यासारखी आहेत. मीही अशीच पटण्यासारखी कारणं धरणाच्या बुडितातल्या लोकांना सांगत फिरलोय. पुनर्वसनाचे प्लॉट दाखवलेत. एका म्हाताऱ्यानं मला विचारलं होतं, साहेब, तिथं नदीचा आवाज येतोय का? मी म्हटलं होतं, नळ आहे.

ती बाई वल्हवत होती, आमच्यातले फोटो काढत होते, आणि मला तिला विचारावंसं वाटत होतं की जमिनीवर झोप लागते का. भाषा नव्हती. मी तिला दोन लाख डाँग दिले. घाबरू नका, सातशे रुपयांच्या आतबाहेर. त्या नोटेच्या मागच्या बाजूला याच खाडीतल्या एका सुळक्याचं चित्र आहे, उदबत्तीच्या पात्रासारख्या दिसणाऱ्या. तिनं नोट उलटी करून ते चित्र मला दाखवलं आणि हसली.

तुमच्या माणसानं निदान एवढं तरी खरं सांगावं की हे गाव आता गाव नाही. पर्यटक मूर्ख नसतात. मांडलेली जत्रा आपल्याला लांबून कळते.

आणखी एक किरकोळ. ‘हालाँग’ या नावाखाली तुम्ही तीन वेगवेगळी पाणी विकता. खुद्द हालाँग क्वांग निन्ह प्रांतात. ईशान्येला बाय तू लाँग, तिथं गर्दी कमी. दक्षिणेला कॅट बा बेटाशेजारचं लान हा, ते हाय फाँगच्या हद्दीत. युनेस्कोनं १९९४ मध्ये हालाँगला जागतिक वारसा ठरवलं, २०२३ मध्ये त्यात कॅट बाचा भाग जोडला. बेटं सगळीकडं तशीच, पण बोटींची दाटी, गुहा, धक्का, सगळं वेगळं. गुडघे दुखणाऱ्यांना आणि शांतता हवी असणाऱ्यांना लान हा किंवा बाय तू लाँग बरं पडेल. कुठल्या पाण्यावर नेणार ते लिहा. बिर्याणी म्हणून पुलाव वाढल्यावर आपल्याकडं काय होतं ते ठाऊक आहेच.

मेव्हणीला पुढच्या दिवाळीनंतर परत जायचं आहे. पहिल्या वेळी ती रात्रभर झोपली होती आणि मी भरतीबद्दल सांगितल्यापासून तिला चुटपुट लागली आहे. तेव्हा तुमचं नवं पत्रक छापलं की एक प्रत माझ्याकडं पाठवा. त्यात दोन रात्री पाण्यावर हव्यात, एक पुरत नाही. बोट सुटली नाही तर काय, हे मोठ्या अक्षरात हवं. पायऱ्यांचा आकडा हवा. लाइफ जॅकेटची माहिती मराठीतून द्यायला तुमच्याकडं माणूस नसेल तर मी येतो, मानधन नको. आणि रात्री नऊनंतर स्पीकर बसच्या डिकीत राहणार असेल, तर चौघांचे आगाऊ पैसे मी त्याच दिवशी आणून देतो.

ताई ची मला जमणार नाही, ते आत्ताच सांगून ठेवतो.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता
राजारामपुरी, कोल्हापूर